आधी देव, मग कुटुंब, मग मंडळी: ही उतरंड कितपत टिकते?

वाटसरू (धागाकर्ता)

जय ख्रिस्त.

ख्रिस्ती जीवनातील प्राधान्यक्रमाचा विषय निघाला की एक ठरावीक यादी पुढे येते: आधी देव, मग कुटुंब, त्यानंतर मंडळी (म्हणजे आपले चर्च) आणि शेवटी नोकरी-व्यवसाय. काही जण कुटुंब आणि मंडळी यांची अदलाबदल करतात, एवढाच काय तो फरक. तरुण संघाच्या शिबिरात ही यादी फळ्यावर लिहिली की सगळे माना डोलावतात. प्रत्यक्ष निर्णय घेण्याच्या वेळी मात्र मला तिचा उपयोग जवळजवळ कधीच होत नाही, आणि तो का होत नाही हे समजून घेण्यासाठी हा धागा काढला आहे.

पहिल्या जागेचा व्यवहारात अर्थ काय, हे यादी सांगत नाही. देव पहिला म्हणजे दिवसातला सर्वाधिक वेळ त्याचा असे धरले, तर पोटासाठी राबणारा प्रत्येक विश्वासणारा नापास होतो. दिवसातला पहिला तास त्याचा असे धरले, तर तो तास भरला की देवाचे देणे फिटले आणि उरलेला दिवस आपला, अशी समजूत होऊन बसते. त्याहून मोठी गफलत म्हणजे पहिल्या क्रमांकावर देवाचे नाव लिहून तेथे मंडळीचे कार्यक्रम केव्हा येऊन बसतात ते कळतही नाही. गायनवृंदाचा सराव, समितीची बैठक, सणाची तयारी या सर्वांना एकदा ‘प्रभूचे काम’ म्हटले की त्यांना नकार देणे म्हणजे प्रभूला नकार देणे ठरते. आधार म्हणून मत्तय ६:३३ हे वचन सांगितले जाते. पण देवाचे राज्य व नीतिमत्त्व यांसाठी आधी झटण्याची ती आज्ञा, काय खावे, काय प्यावे आणि काय पांघरावे या चिंतेला दिलेले उत्तर म्हणून आली आहे. मंडळीच्या वेळापत्रकाचा तेथे संबंध नाही.

पवित्र शास्त्रात असा उतरता क्रम खरोखर आहे का? नसेल, तर दोन कर्तव्ये एकाच वेळी दारात उभी राहिल्यावर विश्वासणाऱ्याने निवड कशाच्या आधारे करावी?

तळटीप

उतरता क्रम शास्त्रात मला तरी दिसत नाही. त्याच्या जवळ जाणारे एकच स्थळ आहे, ते म्हणजे मत्तय २२:३७-४०, आणि ते नीट वाचले तर यादीच्या विरोधातच जाते. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने विचारले होते. येशूने देवावरील प्रीतीची आज्ञा सांगितली आणि कोणी न विचारता दुसरीही सांगितली. शिवाय दुसरी पहिलीसारखीच आहे अशी पुस्ती जोडली. योहानाच्या पहिल्या पत्राने (४:२०) हा दुवा आणखी घट्ट केला आहे: डोळ्यांसमोरच्या भावावर ज्याची प्रीती नाही, त्याची न दिसणाऱ्या देवावर प्रीती असणे शक्य नाही. याचा अर्थ शेजारी हा देवाच्या खालच्या पायरीवर उभा नाही. देवावरील प्रीती खरी की खोटी, हे त्याच्याजवळच ठरते.

आता येशूने कोणाला काय आधी करायला सांगितले, ती स्थळे एकत्र ठेवून पाहा. अन्नवस्त्राची चिंता करणाऱ्यांना त्याने आधी राज्य शोधायला सांगितले. वेदीपाशी अर्पण घेऊन उभ्या असलेल्याला, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करून ये, असे सांगितले (मत्तय ५:२३-२४). दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढायला निघालेल्याला आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढायला लावले. परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथीयांना, आधी वाटी आतून स्वच्छ करण्यास सांगितले. याउलट लूक ९:५९-६२ मध्ये दोघे जण स्वतःहून आपली ‘आधी’ची मागणी घेऊन येतात, एकाला बापाला पुरायचे आहे आणि दुसऱ्याला घरच्यांचा निरोप घ्यायचा आहे, आणि येशू दोघांनाही थांबू देत नाही.

या सर्वांतून एक यादी बनवायचा प्रयत्न केला तर ती बनत नाही. एका ठिकाणी उपासना थांबवून माणसाकडे जायचे आहे, तर दुसऱ्या ठिकाणी घरची माणसे मागे ठेवून येशूमागे जायचे आहे. मला यात दिसते ते असे की प्रत्येक ठिकाणी येशू त्या माणसाच्या पळवाटेवर बोट ठेवतो. ज्याला भावाला तोंड द्यायचे नाही तो वेदीच्या आड लपतो, आणि ज्याला शिष्यत्व नको तो घराच्या आड लपतो. म्हणून ‘माझ्या जीवनात पहिले काय असावे’ या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. ‘मी कोणत्या चांगल्या कामाच्या आड कोणते कर्तव्य टाळतो आहे’ हा प्रश्न मात्र प्रत्येकाला लागू पडतो, आणि तो बराच अधिक त्रासदायक आहे.

जुना करार

विवेचन आवडले, तरी त्याच्या निष्कर्षाची मला धास्ती वाटते. आपली पळवाट कोणती हे माणसाने स्वतःच ओळखायचे असेल, तर तो नेमकी सोयीची पळवाट शोधून काढील आणि खरी सुखरूप राहील.

हाग्गय संदेष्ट्याचे पुस्तक पाहा, दोनच अध्यायांचे आहे. बंदिवासातून परतलेल्या लोकांनी मंदिराचा पाया घातला, विरोध झाला, काम थांबले आणि सुमारे सोळा वर्षे थांबूनच राहिले. इ.स.पू. ५२० मध्ये, पारसाचा राजा दारयावेश याच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षी हाग्गय उभा राहिला, तेव्हा मंदिर बांधायचेच नाही असे कोणीही म्हणत नव्हते. अजून वेळ आली नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दरम्यान त्यांची स्वतःची तक्तपोशी (लाकडी फळ्यांनी मढवलेली) घरे मात्र उभी राहिली होती. त्यांनी देवाला नाकारले नाही, केवळ पुढे ढकलले, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे तसेच होते. अशा माणसांना ‘परिस्थिती पाहून ठरवा’ असे सांगणे म्हणजे आणखी सोळा वर्षांची मुदत देणे आहे. हाग्गयाने त्यांना डोंगरावर जाऊन लाकूड आणायला सांगितले, आणि त्याच महिन्यात काम सुरू झाले.

दानीएलाचे उदाहरण याच्या दुसऱ्या बाजूचे आहे. राजाशिवाय कोणाचीही प्रार्थना करू नये, असा हुकूम निघाल्यावर दानीएल घरी गेला आणि यरुशलेमेच्या दिशेने उघडणाऱ्या खिडक्यांजवळ दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना करत राहिला. ‘पूर्वी करत असे त्याप्रमाणे’ अशी नोंद सहाव्या अध्यायात मुद्दाम आली आहे. त्या दिवशी त्याला प्राधान्यक्रम ठरवावा लागला नाही, कारण तो कित्येक वर्षे आधीच ठरला होता. संकटाच्या घडीला माणूस नवा निर्णय घेत नाही, तो सवयीकडे वळतो. म्हणून ठरलेली वेळ, ठरलेला विसावा आणि ठरलेले दान यांना कर्मठपणा समजून हसण्यावारी नेऊ नये. देव सगळ्याच गोष्टींत आहे असे म्हणणाऱ्यांच्या दिवसात तो पुष्कळदा कोठेच नसतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

जाता जाता: एलीया संदेष्ट्याने आपल्यामागे बोलावलेल्या अलीशाला आईबापांचा निरोप घ्यायला जाऊ दिले होते (१ राजे १९). येशूने जाऊ दिले नाही. हा फरक तळटीप यांनी नोंदवायला हवा होता.

रात्रपाळी

चर्चा वाचते आहे. जुना करार यांच्या सवयीच्या मुद्द्यावर मला काही विचारायचे आहे.

माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिची झोप तुटक असते आणि त्यामुळे माझीही. पूर्वी माझी पहाटेची शांत वेळ, म्हणजे बायबलवाचन आणि प्रार्थना, सहसा चुकत नसे. आता वचन उघडले की हाक येते आणि हाक आली नाही तर डोळा लागतो. बुधवारची प्रार्थनासभा सुटली आहे. मंडळीतल्या बहिणी प्रेमाने विचारपूस करतात. पण ‘कितीही अडचण असली तरी प्रभूला पहिले स्थान द्या, तो बाकीचे पाहून घेईल’ हे वाक्य ऐकले की मनात येते, बाकीचे म्हणजे आई, आणि तिला पाहणारी तर मीच आहे. दानीएलाच्या घरात असे कोणी आजारी नव्हते, एवढेच मी म्हणेन.

मठाबाहेरचा

रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका अनपेक्षित ठिकाणी सापडते. मी कॅथलिक परंपरेतला आहे, म्हणून तेथलेच सांगतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी एक नियमावली लिहिली. तिची ७३ प्रकरणे आहेत, आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती जगातले मठजीवन पुढे कित्येक शतके तिच्या आधारे चालले. सवय आणि ठरलेली वेळ यांचा तिच्याइतका काटेकोर विचार क्वचितच कोणी केला असेल, त्यामुळे जुना करार यांनाही ती पसंत पडावी. तिच्या ४३ व्या प्रकरणात सामुदायिक प्रार्थनेविषयी म्हटले आहे की या ईश्वरी कार्याच्या पुढे काहीही ठेवू नये. प्रार्थनेची खूण कानावर पडताच हातातले काम जसेच्या तसे टाकून निघावे. येथवर ते आपल्या यादीसारखेच वाटते. त्याच नियमावलीचे ३६ वे प्रकरण मात्र असे सुरू होते की सर्वांच्या आधी आणि सर्वांच्या वर आजाऱ्यांची काळजी घेतली जावी, साक्षात ख्रिस्ताची सेवा करावी तशी. आणि चौथ्या प्रकरणात ख्रिस्तावरील प्रीतीपेक्षा कशालाही अधिक मानू नये असे सांगितले आहे.

एकाच लहान पुस्तकात तीन गोष्टी पहिल्या! बेनेडिक्टचे लक्ष नव्हते असे म्हणायला जागा नाही. तो अतिशय व्यवहारी माणूस होता, जेवणाचे माप आणि झोपेचे तास त्याने लिहून ठेवले आहेत. त्याच्या दृष्टीने या तीन पहिल्या गोष्टींत झगडाच नव्हता, कारण तिघींच्या ठिकाणी ख्रिस्तच होता. प्रार्थनागृहातही तो आणि आजाऱ्याच्या खोलीतही तोच. ५३ व्या प्रकरणात पाहुण्याविषयी तेच येते: पाहुण्याचे स्वागत ख्रिस्ताचे स्वागत म्हणून करावे, आणि विशेष मोठा उपवास नसेल तर मठप्रमुखाने पाहुण्यासाठी स्वतःचा उपवास मोडावा. बाकीच्या बांधवांनी मात्र तो पाळत राहावा. हा तपशील मला फार शहाणपणाचा वाटतो. नियम रद्द होत नाही आणि पाहुणाही उपाशी बसत नाही. एक जण नियमाबाहेर जातो आणि बाकीचे त्याच्या वाटचा नियम सांभाळतात.

तुमच्या घरातही हेच व्हायला हवे, असे मला वाटते. तुम्ही आईजवळ आहात तोवर प्रार्थनासभेने तुमच्या वाटची प्रार्थना सांभाळायची आहे. ‘तुम्ही का येत नाही’ हा प्रश्न तेथे उठायलाच नको. ‘आईजवळ आज रात्री कोण बसेल’ हा उठायला हवा.

जुना करार

रात्रपाळी, माझा रोख तुमच्यासारख्यांवर नव्हता, आणि १ तीमथ्य ५ मध्ये आईवडिलांचे उपकार फेडणे हे देवाला मान्य असलेले भक्तीचे कृत्य म्हणूनच सांगितले आहे. घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट, हे कठोर वाक्यही त्याच अध्यायातले.

एक पाळक

या चर्चेत पाळकांनी गप्प बसू नये, म्हणून लिहितो.

प्रेषितांची कृत्ये ६ हा अध्याय आम्ही पाळक स्वतःच्या सोयीने वाचतो. विधवांच्या रोजच्या वाटणीत हयगय होत असल्याची तक्रार आली आणि बारा प्रेषितांनी सांगितले की वचनाची सेवा सोडून पंक्तिसेवा करणे आम्हांला योग्य नाही. यावरून वचन वरच्या दर्जाचे आणि वाढपी काम खालच्या दर्जाचे, असा अर्थ सहज काढला जातो. पण या कामासाठी माणसे निवडताना अट कोणती घातली? ती आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावीत. हलक्या कामासाठी एवढी मोठी अट कोणी घालत नाही. शिवाय निवडलेल्या सात जणांतला स्तेफन पुढच्याच अध्यायात प्रेषितांच्या तोडीचे भाषण करतो आणि फिलिप्प आठव्या अध्यायात सुवार्ता सांगत फिरतो. तेव्हा त्या दिवशी कामांची प्रतवारी झाली नाही, कामांची वाटणी झाली. कोणाला काय नेमून दिले आहे, या प्रश्नाचे उत्तर दोघांसाठी वेगळे असू शकते, आणि ‘सर्वांसाठी एक यादी’ या कल्पनेत नेमके हेच बसत नाही.

मार्क १:३२-३८ या उताऱ्याचीही आठवण करून देतो. सायंकाळी सारे नगर दाराशी लोटले, येशूने पुष्कळांना बरे केले, आणि पहाटे अंधार असतानाच तो रानात जाऊन प्रार्थना करू लागला. शिमोन शोधत आला आणि म्हणाला, सर्व लोक आपला शोध करत आहेत. यावर येशू परत गेला नाही. आसपासच्या गावांत जाऊ, तेथेही मला उपदेश करायचा आहे, असे तो म्हणाला. कफर्णहूमात त्या सकाळी दाराशी आलेले आजारी तसेच परत गेले असतील. हा विचार मला अस्वस्थ करतो, आणि तो करावाच. प्राधान्य ठरवणे म्हणजे चांगले आणि वाईट यांतून निवड करणे असते तर ते सोपे होते. येथे एक खरी गरज मागे ठेवून दुसऱ्या खऱ्या गरजेकडे जायचे असते, आणि मागे राहिलेल्या लोकांना त्याचे कारण कधी कळतही नाही. ज्या सेवकाला कोणालाच नाही म्हणता येत नाही, त्याचा प्राधान्यक्रम दाराशी सर्वांत मोठ्याने ओरडणारा माणूस ठरवतो.

तळटीप

पाळकसाहेबांच्या मुद्द्याला जोडून मार्था आणि मरीया यांच्याविषयी थोडे. लूक १०:३८-४२ वरचा उपदेश बहुधा मार्थेला रागावून संपतो. तिच्या गोष्टीच्या लगेच आधी लूकने चांगल्या शोमरोनीची गोष्ट ठेवली आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. तेथे याजक आणि लेवी हे धार्मिक लोक जखमी माणसाला बाजूने टाळून जातात, आणि धावपळ करणारा, तेल ओतणारा, पैसे मोजणारा शोमरोनी आदर्श ठरतो. मग लगेच धावपळ करणाऱ्या मार्थेला थांबवले जाते. लूकला कृती आणि श्रवण यांपैकी एकाला कायमचे वर बसवायचे असते, तर त्याने या दोन गोष्टी अशा शेजारी ठेवल्या नसत्या. शिवाय येशू तिच्या सेवेला दोष देत नाही. ती पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करते आहे, हे त्याचे म्हणणे आहे. योहान १२ मध्ये मार्था पुन्हा पंक्तीला वाढतानाच दिसते, आणि या वेळी तिला कोणी काही म्हणत नाही. मधल्या अकराव्या अध्यायात याच मार्थेने, येशू हा देवाचा पुत्र ख्रिस्त आहे अशी साक्ष दिलेली आहे. तिचे काम बदलले नाही, पण ते करताना ती आता बहिणीची तक्रार करत नाही.

जुना करार

सर्वांचे वाचले आणि बरेचसे पटले. तरीही माझा मूळ आक्षेप उरतोच: आपण स्वतःला फसवत नाही याची खात्री कशी करायची? मार्क ७ मधले कर्बान हे याचेच उदाहरण आहे. आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे असे जाहीर करायचे आणि त्यांची जबाबदारी टाळायची. ते करणारे नास्तिक नव्हते. देवाला पहिले स्थान देतो आहोत, अशीच त्यांची भाषा होती.

मठाबाहेरचा

यावर संत इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधने’तल्या दोन सूचना मला उपयोगी पडतात, या पुस्तकाला पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. पहिली सूचना अशी की ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, पण ज्याचे पूर्ण भले व्हावे असे वाटते, असा माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला कोणता सल्ला दिला असता, याचा विचार करावा आणि मग स्वतः तोच पाळावा. परक्या माणसाच्या पळवाटा आपल्याला पटकन दिसतात. दुसरी सूचना: मन कोरडे आणि उदास झालेल्या काळात, आधी शांत मनाने केलेला संकल्प बदलू नये. तुमचा दानीएल आणि ही सूचना यांचे चांगले जमेल.

पण बदल करूच नये, असे इग्नेशियस म्हणत नाही. थकव्याच्या भरात करू नये, एवढेच म्हणतो. रात्रपाळी यांनी शांत वेळ सोडली ती कंटाळून नाही, त्यामुळे ही सूचना त्यांच्यावर ओझे म्हणून लादू नये.

रात्रपाळी

आभारी आहे. पूर्ण अध्याय वाचणे जमत नाही, म्हणून सध्या एक स्तोत्र घेते आणि आईला ऐकू जाईल असे मोठ्याने वाचते. कधी अर्ध्यावर थांबावे लागते. वधस्तंभावर असताना येशूने आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवले (योहान १९:२६-२७), हे स्थळ मात्र अलीकडे वारंवार आठवते. जगाचे तारण चालू असतानाही ते काम मागे पडले नव्हते.

वाटसरू

सर्वांचे आभार. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले: उतरता क्रम नाही. दुसऱ्याचे उत्तर दोन भागांत मिळाले, आणि ते एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. तळटीप यांच्या म्हणण्याप्रमाणे टाळलेले कर्तव्य शोधायचे, आणि जुना करार यांच्या म्हणण्याप्रमाणे शोधणाऱ्यावर भरवसा न ठेवता वेळ आधीच बांधून घ्यायची. माझा स्वतःचा कल दुसऱ्या बाजूकडे थोडा अधिक आहे, कारण ज्याची प्रार्थनेची वेळ ठरलेली नाही त्याला आपण काय टाळतो आहोत हे दिसण्याइतकी शांतता मिळतच नाही. पण ती वेळ मंडळीच्या कार्यक्रमांनी भरून टाकायची नाही, एवढे मी यातून घेतले.

आमच्या समितीच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मांडणार आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ अशी राहावी की जिच्यावर मंडळीचा कोणताही कार्यक्रम हक्क सांगणार नाही. आणि प्रार्थनासभेच्या हजेरीच्या वहीत, जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी त्या आठवड्यात कोण जाणार, याचा एक रकाना वाढवावा.

जुना करार

दुसरी गोष्ट आधी मांडा. पहिलीवर वाद होईल आणि बैठक तेथेच संपेल.